दारावर दोनदा टकटक

हॉस्पिटलच्या बाकावर नंबराची वाट बघणाऱ्या शिंपीणबाईंना शेजारच्या बहीणभावाचं बोलणं ऐकायचं नव्हतं, पण कानांना झाकण थोडंच असतं!

"बेल वाजली तेव्हा तू घरातच होतीस?"

"होते रे दादा. टीव्ही बंद केला, पोरीच्या तोंडावर हात ठेवला."

"पण का?"

"वसुलीवाले वाटले. जिन्यात उभं राहून आमच्या नावानं ओरडतात. सोफ्याचे हप्ते थकलेत."

"मला सांगायचं होतंस!"

"कुठल्या तोंडानं? ऐपत नसेल त्यानं जमिनीवर बसावं, असं तूच म्हणाला होतास. सगळ्यांसमोर."

"पण बाहेर दाजी आहेत, हे कळलं नाही तुला?"

"घरच्या माणसानं बेल वाजवायची नाही, दोनदा टकटक करायची, असं ह्यांनीच ठरवलं होतं. छातीत कळ आली, तेव्हा कसाबसा बेलवर हात पडला असेल. शेजाऱ्यांनी दार बडवलं, तरी वसुलीवालेच समजून मी कडी काढली नाही."

"आता शुद्धीवर आलेत ना?"

"आलेत."

"काही बोलले?"

"माझा हात धरला आणि म्हणाले, 'चुकलंच माझं. टकटक करायला हवी होती.'"