तापच आला नाही की हो!

मंगळवार, बावीस जानेवारी, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं! घड्याळ माझं नव्हे हो, नर्सबाईच्या मनगटावरचं. तिनंच ती वेळ तक्त्यावर लिहिली आणि तिथनं जे माझ्या जिवाला लागलं ते... थांबा, तुमच्या पोराची पहिलीच सुई नव्हे आज? तुमचं तोंड बघा कसं उतरलंय! या, अशा सावलीत सरका, रांग काय पळून जात नाही, माझ्या पुढं अजून अकरा बाया आहेत, तवर तुम्हाला सांगते. माझं जे झालं ते तुमचं होऊ नये. काय झालं? काय सांगू बाई... माझ्या पोरीला तापच आला नाही!

हसताय? हसा. मीही आता हसते. त्या दिवशी कुणी हसलं असतं ना, तर त्याच्या डोक्यात पाटा घातला असता!

पहिल्यापासनं सांगते. मला सातवा महिना लागला होता तेव्हा ह्या डॉक्टरीणबाई पहिल्यांदा आमच्या बोळात आल्या. पांढरी साडी, खांद्याला पिशवी, बोलणं पुण्याकडचं. म्हणाल्या, 'आम्ही लहान मुलांच्या साथीच्या रोगांवर संशोधन करतो आहोत.' आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात तांदूळ निवडत बसलेल्या. कानानं जरा कमीच. त्यांनी ताट खाली आपटलं. 'संशय? कसला संशय घेताय वो बाई आमच्यावर? आमच्या घरात कुणाला रोग न्हाय!' मी म्हटलं, 'आत्याबाई, संशय नव्हे, संशोधन, म्हणजे शोध!' तर म्हणतात, 'शोध घ्यायला आमचं काय हरवलंय?'

बरं, एवढ्यावर भागलं का? डॉक्टरीणबाईंनी वही उघडली आणि हसत हसत म्हणाल्या, 'पेठेतल्या चाळीस गरोदर स्त्रिया आम्ही नमुना म्हणून निवडल्या आहेत. त्यात तुम्ही आहात.'

नमुना! आता तुम्हीच सांगा, मंगळवार पेठेत नमुना कुणाला म्हणतात? आमच्या कोपऱ्यावरचा केरबा, भर वैशाखात स्वेटर घालून हिंडतो, दिसेल त्याला रस्ता विचारतो आणि बरोबर उलटा जातो, त्याला नमुना म्हणतात! मी तर रडायच्या बेतात. पण आत्याबाई उठल्या, कंबर धरून सरळ झाल्या आणि म्हणाल्या, 'सून माझी कशी का असंना, तिला नमुना म्हणायचा मान माझा हाय, तुमचा न्हाय!'

मग त्या बाईंनी चपला काढल्या, आत येऊन जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि नीट समजावून सांगितलं. धनुर्वात म्हणून एक रोग असतो. नाळ कापताना जंतू जातो, आठवड्याभरात बाळाचा जबडा मिटतो, दूध ओढत नाही, आकडी येते. आईला आधीच दोन सुया दिल्या की तिच्या रक्तातनं बाळाला पोटातच औषध पोचतं. आईनं बांधून दिलेली ती शिदोरी बाळाला किती महिने पुरते आणि बाळाची स्वतःची लस कधी द्यायची, ते म्हणे आम्ही शोधतोय.

आत्याबाईंचा हात तांदळात तसाच राहिला.

माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि मला कुणी सांगितलेलं नव्हतं. आमच्या ह्यांच्या आधी आत्याबाईंना दोन पोरं झालेली. दोन्ही आठव्या दिवशी गेली. 'दूध वडायचं सोडलं,' एवढंच म्हणाल्या. आणि माझा दंड धरून असा पुढं केला. 'टोचा.'

झालं. दोन सुया घेतल्या, हौसा झाली. आठव्या दिवशी आत्याबाई सकाळपासनं पाळण्याशी बसून, जेवण नाही, पाणी नाही, नुसतं पोरीच्या तोंडाकडं बघणं! पोरगी चुटूचुटू पितेय आणि ह्या म्हणतात, 'पी माझी आई, पी, सगळं पी.' नवव्या दिवशी अख्ख्या बोळात गूळ वाटला. लोक विचारतात, काय हो, आज काय? तर म्हणतात, 'नववा हाय!'

आता एवढं झाल्यावर पोरीची स्वतःची लस आली म्हटल्यावर मी मागं राहीन? तीन महिन्यांची झाली आणि आलं बोलावणं. त्रिगुणी लस! एका सुईत तीन रोगांवर, घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात. आत्याबाईंनी त्यातला सर्प तेवढा ऐकला. 'पेठंत साप कुठला आला गं?' म्हटलं, 'साप नव्हे, घशाचा रोग आहे.' 'मग साप म्हणून कशाला भ्या दाखवत्यात?' जाऊ द्या.

तर टोचून झालं. दहा चाळीसला. आणि ती नर्सबाई, पोरगीच हो, माझ्याहून लहान, ती काय बोलून गेली माहीत आहे? 'संध्याकाळपर्यंत ताप येईल. घाबरू नका. ताप आला की समजा, लस काम करायला लागली.'

ऐकलंत? ताप आला की लस लागली! म्हणजे नाही आला की?... हे तिला कुणी विचारलं का? आठ आया होतो आम्ही तिथं आमच्या बोळातल्या, एकीनंही विचारलं नाही! वर तिनं विचारलं, 'तुमच्या बोळात वाचायला कुणाला येतं?' आणि मी शहाणी, केला हात वर! 'मी सातवी फायनल पास आहे!' झालं, आठ पोरांचे आठ तक्ते आणि एक थर्मामीटर माझ्या हातात. दर दोन तासांनी काखेत लावायचा, पारा बघायचा, लिहायचा, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचा आणि झटकायचा. पहिल्यांदा झटकला तो आत्याबाईंच्या नाकाला चाटून गेला. म्हणतात, 'शाळंत ह्येच शिकीवलं व्हय?'

दुपारी पावणेएकला सुरुवात केली. तानाबाईच्या पोराला नव्व्याण्णव पॉइंट आठ. लिहिलं. धोंडुबाईच्या नातीला शंभर पॉइंट चार. लिहिलं. घरी येऊन हौसाला लावला... अठ्ठ्याण्णव पॉइंट चार! म्हटलं असू दे, अजून वेळ आहे.

पावणेतीनला परत फेरी. आमच्या शेजारच्या हुसेनबी, त्यांचा नातू अमीन हौसाच्याच वयाचा, त्याला येकशे एक! हुसेनबी दारात उभ्या राहून सगळ्यांना सांगतायत, 'आमच्या अमीनला येकशे येक पडलं!' जसं काय पोरगं परीक्षेत पहिलं आलंय! धोंडुबाई म्हणते, 'आमचीलाबी चढतोय की, जरा दम धरा.' आणि आमची? पाय उडवतेय, पाळण्याच्या चिमणीला बघून खिदळतेय, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार!

आत्याबाईंना सांगितलं नाही, पण त्यांनी माझं तोंड बघितलं. 'आला का?' 'येईल.' 'कवा?' आता काय सांगू? उठल्या, वाकळ आणली, पोरीवर घातली. दुसरी आणली, तीही घातली. पोरगी घामाघूम, लालबुंद, आत्याबाई म्हणतात, 'आला! आला! लाव कांडी!' लावली. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार!! मी म्हटलं, थर्मामीटरच बिघडला. स्वतःला लावला, नव्व्याण्णव. आत्याबाईंना लावला, अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. म्हणजे घरात सगळ्यांना ताप पोरीपेक्षा जास्त!

दिवेलागणीला सात तक्ते भरले. सात पोरं टाहो फोडतायत, सात आया खूश! आणि माझी हौसा शांत झोपली, आणि मी रडतेय! म्हटलं संपलं, लागलीच नाही. शिदोरी संपत आलेली, पोरीचं स्वतःचं काही तयार झालं नाही, आणि उद्या कुठं पोरगी रांगायला लागली, खिळा लागला, काच लागली म्हणजे?... आत्याबाई तर पाळण्याची दोरी धरून बसल्या, तोंडाकडं बघत. त्या आठव्या दिवसासारखंच.

हुसेनबी आल्या. 'काय गं सुभद्रे, न्हाय व्हय आला?' मी मान हलवली. तर पदर सावरून बसल्या नि म्हणाल्या, 'मग आमच्या अमीनचा एक डिग्री घे की! येकशे दोन हाय त्येला, जास्तीच हाय. त्येला येकशे एक लिही, तुझीला नव्व्याण्णव लिही. शेजारधर्म असतोय का न्हाय?' आत्याबाई म्हणाल्या, 'नव्व्याण्णव कशाला? शंभरच लिही. पोरीला नमुन्यातनं काढून टाकतील, परत टोचायला कोण ईल?' बघा! नमुना म्हटल्यावर भांडायला उठल्या होत्या, आता त्यातनंच नात बाहेर जाऊ नये म्हणून धडपड!

आणि तुम्हाला सांगते, मी लिहिलं. एक. शून्य. शून्य. पेन्सिलीनं.

लिहिलं आणि मग ध्यानात आलं. डॉक्टरीणबाई हे खरं मानणार, लागली म्हणून लिहून घेणार, आणि पोरगी माझी तशीच कोरडी राहणार! खोडायला गेले, रबर नाही. बोटाला थुंकी लावून खोडलं... खोडलं... आणि तक्त्याला पडलं भोक!

सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. सात तक्ते बघितले. आठवा उचलला, उजेडाकडं धरला, आणि त्या भोकातनं एक डोळा माझ्याकडं! 'इथं किती ताप होता?' मी म्हटलं, 'भोक होतं, बाई...' आणि ढसाढसा रडले. सगळं सांगितलं, अमीनच्या डिग्रीसकट! हुसेनबी दारातनं म्हणतात, 'माझं नाव कशाला घेती गं!'

बाई रागावतील म्हटलं, तर त्या मटकन खालीच बसल्या. हसून हसून डोळ्यांत पाणी. मग चष्मा पुसला आणि म्हणाल्या, 'अहो, ताप आला तरी लस लागते, नाही आला तरी लागते. एखादं बाळ तापतं, एखादं नाही. नर्स चुकीचं बोलली, तिला मी बोलते. पण तुम्ही शंभर लिहून ठेवला असता ना, तर किती बाळांना ताप येत नाही हे आम्हाला कधी कळलंच नसतं. त्यासाठीच तर आम्ही आलोय!' आणि भोकाच्या शेजारी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. आत्याबाईंनी खात्री करायला तीनदा विचारलं, 'म्हंजे लागली? नक्की लागली? आकडी न्हाय?' बाई म्हणाल्या, 'सगळ्या सुया झाल्या की रक्त तपासू, मग कागदावर लिहून देते.'

आता तुम्ही म्हणाल, मग सुभद्रा शहाणी झाली. व्हय, झाली की! महिन्यानं दुसरी सुई. मी निवांत. ताप बघायचा म्हणून बघितला, दुपारी पावणेतीनला... शंभर पॉइंट आठ! अहो, माझं डोकंच फिरलं! तसाच थर्मामीटर हातात, अनवाणी, पळत हुसेनबींच्या दारात, 'हुसेनबी, ताप आला वो! पोरीला ताप आला!' हुसेनबी भाकरी थापत होत्या, हात तसाच वर. 'अगं बया! मागल्या टायमाला आला न्हाय म्हणून रडलीस, आता आला म्हणून रडतीस, तुला नेमकं पायजे तरी काय?'

काय पाहिजे? मलाच माहीत नाही हो! मी घरी आले, तर आत्याबाई पाळण्यापाशी बसून पोरीच्या कपाळावर ओली घडी ठेवतायत आणि गाणं म्हणतायत. गाणं! चार वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. म्हणतात, 'गप बस, चांगला ताप हाय.'

आज तिसरी. शेवटची. आत्याबाई काय घरी थांबतायत? त्या बघा तिकडं, पायरीवर, हौसाला मांडीवर घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला सांगतायत, 'आमची नमुना हाय बरं का! नमुना नंबर एकवीस!'

अगं बाई, माझंच नाव पुकारलं वाटतं! जाते. तुम्ही एवढं करा, मागं रांगेत सगळ्या बायांना सांगा, आणि त्यांना म्हणावं आपापल्या गल्लीत सांगा. ताप आला तर भ्यायचं नाही, नाही आला तरी भ्यायचं नाही. दोन्हीचं भ्यायला मंगळवार पेठेत मी एकटी बास आहे!