चार हातांचा मिक्सर

मंडळी, एक विचारतो. चांगलं यंत्र कोणतं? ज्याला एक माणूस पुरतो ते — का ज्याला दोघं लागतात ते? थांबा, लगेच उत्तर देऊ नका. आधी ऐका!

सिन्नरकडं भागवत आणि सुदाम गायखे, दोघं सख्खे भाऊ. धंदा स्पीकरचा. सप्ताह असो, लग्न असो, आवाज गायख्यांचाच. त्यांच्याकडं वडिलांनी आणलेला जुना मिक्सर होता. चटणीचा नव्हे हो, आवाजाचा — मावशी, हसू नका! मुंबईत एक स्टुडिओ बंद पडला, तिथून आणलेला. दाराएवढा लांब, उचलायला चौघं. वर बटणंच बटणं! प्रत्येक आवाजाला वर-खाली सरकवायची पट्टी वेगळी: डाव्या टोकाला मृदंग, मधे टाळ-वीणा, पार उजव्या टोकाला बुवा. काचेमागं पिवळा दिवा, त्यात काटा डोलायचा. माझ्या भजनाला माणसं डोलत नाहीत, तो काटा डोलायचा! आणि आवाज कसा? तव्यावरून आत्ता उतरलेल्या भाकरीसारखा — ऊन ऊन.

पण एक खोड होती. एकट्याचे हात दोन्ही टोकांना पुरायचे नाहीत. म्हणून भागवत उजवीकडं, सुदाम डावीकडं, खांद्याला खांदा लावून बसायचे. बोलायची गरज नसायची. एकाचा हात वर गेला की दुसऱ्याचा आपोआप खाली यायचा.

पुढं काय झालं? सुदाम म्हणाला, "दादा, हे धूड विकू. आता मोबाईलवर चालणारा मिक्सर मिळतो. एक माणूस पुरतो."

भागवत म्हणाला, "एकच पुरतो ना? मग दुसऱ्यानं कुठं जायचं?"

लागलं ते सुदामाला. शब्दानं शब्द वाढला आणि भाऊ वेगळे निघाले. सुदामानं नवा मिक्सर घेतला — चांगला होता हं, खोटं कशाला बोला! जुना भागवताकडं राहिला. रस्त्यात भेटले तर माना वळवून जायचे. जावा दोघी मात्र पिठाच्या गिरणीवर बोलायच्या, चोरून!

अशात गावचा सप्ताह आला. कीर्तन माझं. भागवत मिक्सरवर एकटा बसला. लोक म्हणाले, कुणाला तरी शेजारी घे. नाही म्हणजे नाही! मी अभंग धरला, तर मृदंग असा चढला की माझं मलाच ऐकू येईना. भागवत डावीकडं धावला, मृदंग उतरवला — तोवर उजवीकडं माझा माईक शिट्टी मारायला लागला. पुन्हा इकडं, पुन्हा तिकडं. कीर्तनात नाचायचं मी का त्यानं? लोक मला सोडून त्यालाच बघायला लागले!

सुदाम पार मागं बसला होता. हात मांडीवर, पण बोटं हलत होती. मांडीवरच मृदंग खाली घेत होता, मंडळी! शेवटी राहवेना. उठला, सरळ जाऊन डावीकडं उभा राहिला आणि पट्टीवर बोट ठेवलं. भागवतानं मान वर केली नाही. नुसता उजवीकडं सरकला. शेजारी बसायला जागा झाली.

मग आवाज लागला हो! मृदंग वेगळा, वीणा वेगळी, आणि सगळं मिळून एक. मला पुढचं चरण आठवेना, डोळे पुसायला उपरणं घ्यावं लागलं. कीर्तन उरकल्यावर भागवत म्हणाला, "तुझा नवाही असू दे. बारशाला-साखरपुड्याला बरा पडेल."

सुदाम म्हणाला, "सप्ताहाला मात्र दोघं."

आता आपलं बघा. कुणाची गरज लागू नये, यालाच आपण सुख म्हणतो. अहो, जिथं दुसऱ्याचा हात लागतो, तिथंच शेजारी जागा ठेवावी लागते! या मांडवातसुद्धा एक भाऊ या टोकाला बसलाय, दुसरा त्या टोकाला. नाव घेत नाही — पण मला माहीत आहे! त्यांनी आत्ताच जवळ सरकावं. आम्ही थांबतो.

बाकीच्यांनी मागं वळून बघा. खांबाशी ते दोघं बसलेत, खांद्याला खांदा लावून. इतका वेळ तुमच्या कानात पडतोय तो त्यांचाच आवाज. सुदामराव, मृदंग जरा वर घ्या. भागवतराव, बुवा खाली घ्या. बुवा पुष्कळ बोलले — आता सगळ्यांनी मिळून, विठ्ठल!