अंबादासचा वर्ग बंद ठेवू नका

मंडळी, वहिनी, आणि मागं भिंतीला टेकून रडणाऱ्या मुलींनो,

बसून घ्या. मला धड बोलता येईल असं वाटत नाही. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, तरीही. आणि खरं सांगू? दुःखापेक्षा मला राग जास्त आलाय. माझ्या ह्या मित्राचा, अंबादास मानेचा राग.

डॉक्टरांनी बजावलं होतं, छातीत दुखतंय, घरी पडून राहा. ऐकलं? छे! निघाला ह्याच हॉलमध्ये, नर्सिंगच्या मुलींना फुकट इंग्रजी शिकवायला. आणि काय शिकवत होता? इन, ऑन, ॲट! एवढेएवढेसे शब्द!

मी म्हणायचो, "अंब्या, माशी भिंतीवर, पंखा डोक्यावर, पूल नदीवर. आमचं एका 'वर'मध्ये सगळं भागतं. तुझ्या इंग्रजीला ऑन, अबव्ह, ओव्हर कशाला लागतात?" तर म्हणे, "माशी भिंतीला चिकटलीय म्हणून ऑन. पंखा चिकटलाय का तुझ्या डोक्याला?"

बरं, एसटीत आपण आत बसतो, मग 'ऑन द बस' का? टपावर बसतो का? तर म्हणे, "ज्यात उठून चालता येतं ते ऑन. कारमध्ये चालून दाखव, मग बोल." डोकं फिरायचं माझं.

त्यात पेशंट कायम मीच. भर वर्गात मला बाकावर आडवं करायचा. मलम कातडीवर, ऑन. थेंब डोळ्यात, इन्टू. बँडेज डोक्याभोवती, अराउंड. मुली खिदळायच्या, मी चिडायचो. मग त्यांनाच दरडावायचा, "हसू नका. बिफोर फूडची गोळी आफ्टर फूड दिली, तर भोगायचं पेशंटनं, तुम्ही नाही."

आता तुमच्यावर चिडतो. तुम्ही काल ठरवलंत, वर्ग तेराव्यापर्यंत बंद. सरांचा मान म्हणून. मान! अहो, कसला मान?

ती मागं उभी आहे ती महादेवी. सीमेकडच्या वळसंग गावाहून येते. घरात कन्नड, शाळेत मराठी, आणि येत्या शुक्रवारी नोकरीसाठी तोंडी परीक्षा इंग्रजीत. नापास झाली तर घरचे लग्न लावून मोकळे होणार. हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. काल अंबादासच्या दारात तिनं मला हळूच विचारलं, "सर, वर्ग बंदच काय?" तर आपल्यातल्याच एकानं तिला झापलं. "सर गेले आन् तुला परीक्षेचं पडलंय? लाज न्हाय वाटत?"

कशाची लाज? अंबादासलाही शुक्रवारचंच पडलं होतं की! शेवटच्या दिवशी खाटेवर पडल्या पडल्या मला म्हणाला, "महादेवीचं 'फॉर' आणि 'सिन्स' अजून कच्चं आहे. कोण बघणार?" मी म्हटलं, "तू गप झोप आता." झोपला. आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं त्यानं, आणि तेही असं.

मी काही इंग्रजीचा मास्तर नाही. पण मी येतो, मुली येतील, पुस्तक बघून घेऊ. मात्र अंबादासचा मान कशात, हे ठरवायचा हक्क तुमचा नाही आणि माझाही नाही. वहिनी, तुम्हीच सांगा. रडू नका हो. सांगा.

काय? मोठ्यानं सांगा, मागं ऐकू जात नाही.

ऐकलं का मंडळी? वहिनी म्हणतात, "तेरावं माझ्या घरात हाय, वर्गात न्हाय. महादेवी, उद्या सकाळी ये. हॉल मी उघडते."

झालं तर मग. आता कुणी एक शब्द बोलायचा नाही. उभे राहा सगळे, आणि हात जोडा.

अंबादास, तुला माझा नमस्कार. राग काही इतक्यात जायचा नाही. पण शुक्रवारपर्यंत तुझ्या मुलींना एकटं सोडणार नाही.