ते दुसरं मत

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे बाबा, व्यासपीठावरची पाहुणे मंडळी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते गिरणीवाले काका आणि काकू, आणि समोर बसलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार.

मला भाषण येत नाही. नववीतच शाळा सुटली. "अध्यक्षांची लेक आहेस, मुलींतर्फे दोन शब्द बोल," म्हणून मला उभं केलंय. सांभाळून घ्या.

काकांनी चाळीस वर्षं आपलं दळण दळलं. सगळं गाव एका पक्षाचं, काका एकटे पलीकडचे. सगळे त्यांना 'विरोधी पक्षनेते' म्हणायचे. डबा ठेवता ठेवता कुणीतरी विचारायचं, "काय नेते, सभा कधी? खुर्ची एकच लागेल ना?" काका म्हणायचे, "दोन लागतील. टाळ्या वाजवायलाही मलाच बसावं लागतं." हसून चालायचं सगळं. चालायचं ना?

मग गेल्या वर्षी आपल्या केंद्राचा निकाल आला. आपल्याला चारशे दहा, पलीकडे दोन. एक काकांचं, ते तर तेच सांगत फिरत होते. आणि दुसरं? काकूंचं, आणखी कुणाचं!

काका गिरणीत नव्हते तेव्हा काकू शपथ घेऊन सांगत होत्या. मी तिथेच डबा घेऊन उभी होते. "बायांनो, मी तुमच्याच चिन्हाला दिलं. यांचं नि माझं चाळीस वर्षांत भाजीतल्या मिठावर जमलं नाही, मतावर कुठून जमेल?" तर आत्या, माझीच आत्या, म्हणाली, "जा गं, नवऱ्याच्या शब्दाबाहेर कुठली बाई जाते?"

आत्या, बस ना. दोनच मिनिटं.

त्यानंतर काकूंशी कुणी बोलेना. त्यांचा पाय मोडला तेव्हा बघायला कोण गेलं होतं? हात वर करा म्हणत नाही. मीपण गेले नव्हते. हळूहळू दळणं शेजारच्या गावी जायला लागली, आणि आज गिरणीला कुलूप आहे.

काकांना मात्र वाटलं, बायकोनं शेवटी आपलं ऐकलं. त्या आनंदात त्यांनी जन्मात पहिल्यांदा स्वतः चहा केला. काकू मला म्हणाल्या होत्या, "नुसतं पाणी होतं गं. पण यांचं तोंड उतरलं असतं, म्हणून प्यायले. मताचंही मग यांच्याजवळ काही बोलले नाही."

हे ऐकूनही मी डबा उचलून घरी आले.

बाबा, रागावू नका. म्हणजे रागवा, पण घरी गेल्यावर. ते दुसरं मत माझं होतं. नुकती अठरा पूर्ण झाली होती, पहिलंच मत. शाळेची बस बंद झाली तेव्हा तुम्ही म्हणालात, मुलींना एवढ्या लांब कशाला. पलीकडचा उमेदवार म्हणाला, बस परत आणतो. म्हणून दिलं. त्याचं मला वाईट वाटत नाही. बापाच्या शब्दाबाहेर लेक जाईल असं कुणाच्या मनातही आलं नाही, आणि मला ते सोयीचं पडलं. त्याचं वाटतं.

काका, तुमचाही गैरसमज आज मीच दूर केला. काकू, हे वर्षापूर्वीच सांगायला हवं होतं. आता सामान गाडीत चढलंय.

शांतपणे ऐकलंत, सगळ्यांची आभारी आहे. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर पोर म्हणून पोटात घाला. काकूंनी मात्र घालू नये. त्यांनी वर्षभर पुष्कळ घातलंय.