धोंड्याच्या महिन्यातली लढाई

मंडळी, आज देवाच्या दारात एक प्रश्न ठेवतो. घाबरू नका, परीक्षा नाही! ज्या माणसाला आपण उभ्या जन्मात पाहिलं नाही, ज्यानं आपल्या झाडाचं पानही तोडलं नाही, त्याचा आपल्याला इतका राग येतो कसा? शेजाऱ्याचा राग समजतो हो! तो आपल्या अंगणात खरकटं पाणी सोडतो. त्या रागाला पुरावा आहे! पण नदीपलीकडच्या अनोळखी माणसाचा राग? तो आपोआप उगवतो, की कोणी पेरतो?

ऐका तर!

सारंगा नावाची नदी. अलीकडच्या काठाला ऐलपूर, पलीकडच्या काठाला पैलपूर. दोन राज्यं, मधे ये-जा करणाऱ्या नावा. ऐलपूरच्या राजाचं नाव रणधुमाळ महाराज — आणि रण काही त्यांनी पाहिलेलं नव्हतं! त्या वर्षी गावच्या तळ्याचा बांध फुटला. राजा फिरायला निघाला की लोक विचारत, "महाराज, बांधाचं काय झालं?" देवळात गेला — "बांधाचं काय झालं?" शेवटी तर न्हाव्यानं गळ्यावर वस्तरा टेकवून विचारलं, "महाराज, बांधाचं...?" आता अशा वेळी माणूस काय म्हणणार? "होईल, होईल!"

राजा धावत प्रधानाकडे. प्रधानाचं नाव वाक्पती. विद्वान, गोडबोल्या आणि ब्रह्मचारी. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे!

प्रधान म्हणाला, "महाराज, बांधाला दगड लागतात, चुना लागतो. लढाईला सुरुवातीला नुसतं तोंड लागतं."

"पण लोक तयार होतील?"

"लोकांना लढाई नको असते, महाराज. त्यांना वेळेवर घरी जाऊन जेवायचं असतं. म्हणून सांगायचं — पलीकडचे येऊन तुमचं ताट उचलणार आहेत!"

जोशीबुवांना मुहूर्त विचारला. त्यांनी पंचांग मिटलं. "अधिक महिना लागलाय. यात लग्न नाही, मुंज नाही, लढाईही नाही! महिना सरला की बघू."

प्रधान खूश! महिनाभर लोकांना तापवायला सवड मिळाली! गावोगाव दवंडी फिरली — "ऐका हो ऐका! पलीकडचे राक्षस आहेत! कच्चं मांस खातात! त्यांना सुळे आहेत!" चौकात चिताऱ्याकडून भल्यामोठ्या कापडावर चित्र रंगवून टांगलं. लाल डोळे, हातभर दात, डाव्या कानात बाळी, तोंडात ऐलपूरचं वासरू! "सुळे कोणी पाहिले?" असं एका म्हातारीनं विचारलं, तर प्रधान कळवळून म्हणाला, "आजी, तुम्ही कोणाच्या बाजूच्या?" आजी गप्प. बघा हं, प्रश्न सुळ्यांचा होता, उत्तर आजींबद्दल आलं!

मग रोज सकाळी घोषणेचा सराव. आपणही करून बघू. मी विचारतो, पलीकडं कोण? तुम्ही म्हणा — राक्षस! पलीकडं कोण?... वा! पुन्हा!... मागचे झोपलेत का? पुन्हा!... अहाहा! मांडव हलला!

मंडळी, कोण राक्षस? कुठला? एकानंही विचारलं नाही! मी म्हणा म्हटलं, तुम्ही म्हणालात! आणि त्यासाठी मी तुम्हाला साधी शालही देऊ केली नव्हती!

ऐलपुरात गजराबाई नावाची बाई. मुलगा हैबती, लेक शेवंता. हैबतीचा आवाज खणखणीत, म्हणून प्रधानानं त्याच्या हाती भाला दिला आणि सांगितलं, "अधिकाच्या शेवटच्या दिवशी घाटावर सभा. पहिली घोषणा तुझी!" पोरगा हवेत! भाला घेऊन झोपतो, भाला घेऊन आंघोळीला जातो!

आणि शेवंता? तिला दिली होती — पैलपुरात!

आता सांगा, अधिक महिना म्हणजे कोणता महिना? धोंड्याचा! धोंड्याच्या महिन्यात घरोघर कोण येतं? ... बायका बघा कशा एका सुरात बोलल्या! जावई! बिचारा प्रधान ब्रह्मचारी, त्याला सासुरवाडी ठाऊक नाही, त्याला जावई कुठून ठाऊक असणार? इकडे दवंडी, "राक्षस येणार, राक्षस येणार!" तिकडे नावा भरभरून जावई उतरतायत! नवी धोतरं, तेल लावलेल्या मिशा!

शेवंताला घेऊन तिचा नवरा सोपानराव आला. पाटावर बसवला, दिव्यानं ओवाळलं, पुढ्यात तेहेतीस अनारसे. हैबती भाला टेकवून समोर बसला. नजर दाजींच्या दातांवर!

"काय बघताय, मेहुणे?"

"दाजी, जरा आ करा."

"हैबत्या!" गजराबाई ओरडली.

"आई, पलीकडचे कच्चं मांस खातात!"

"अरे, यांना दुधावरची साय दिसली तरी मळमळतं!"

सोपानराव हसत सुटला. "मेहुणे, आमच्या चौकातही चित्र लागलंय. लाल डोळे, हातभर दात, तोंडात वासरू. वासरू आमचं, राक्षस तुम्ही!"

"त्या राक्षसाच्या डाव्या कानात बाळी आहे?" हैबतीनं विचारलं.

"आहे की!"

दोघांना एकदमच कळलं. चितारी एकच! त्यानं दोन्ही राजांना तेच चित्र विकलं होतं, फक्त पागोट्याचा रंग बदलून! कारागीर माणूस!

सगळे हसले. गजराबाई नाही हसली. ओवाळणीचं ताट खाली ठेवून म्हणाली, "हैबती, तुझा भाला यांना लागला तर शेवंता माझ्या दारात कपाळ पुसून येईल. यांचा तुला लागला तर तिनं सासरी राहून रडायचं कोणासमोर? मी दोघांनाही वाढलंय रे, एकाच हातानं."

हैबतीनं उचललेला अनारसा परत दाजींच्या ताटात ठेवला.

सभेचा दिवस. घाटावर सारा गाव, आणि गावचे पाहुणेही! जावयांना वाटलं, आपल्यासाठीच मांडव घातलाय! ते ऐटीत पुढेच बसले! नगारा झडला. प्रधान गरजला, "सांग, हैबती! पलीकडं कोण राहतं?"

हैबतीनं छाती भरून श्वास घेतला. समोर दाजी, शेजारी शेवंता, मागे आई — हातातला पदर मुठीत आवळलेला. सगळा घाट वाट बघतोय. आणि तो खणखणीत आवाज आला —

"माझी बहीण!"

प्रधान कुजबुजला, "अरे, राक्षस म्हण, राक्षस!"

"दाजी राहतात! त्यांना साय चालत नाही!"

मग काय! इकडून एक बाई, "माझाही जावई तिकडचाच!" तिकडून दुसरी, "माझा मामा!" गजराबाई उठली. "राहता राहिल्या माझ्या विहीणबाई. त्यांना राक्षसीण म्हणायचं असेल, तर प्रधानजी, माझी हरकत नाही!"

घाट हसला हो! पागोटी पडली, नगारेवाला नगाऱ्यावर आडवा झाला! भीती मोठी असते, पण एकदा पोट धरून हसलं की तिला उभं राहायला जागा उरत नाही. आणि त्या हशात मागून त्या गप्प बसवलेल्या आजींचा आवाज, "महाराज, सगळे जमलेच आहेत, तर बांधाचं काय झालं?"

राजानं प्रधानाकडे पाहिलं. प्रधान घाटावर आणून टांगलेल्या चित्राकडे बघत होता. जमलेलं सैन्य तसंच तळ्याकडे निघालं. भाल्यांचे दांडे फावड्यांना बसवले, जावयांनी दगड उचलले, आणि राक्षसाचं ते भलंमोठं कापड? त्यात माती वाहिली! पहिल्यांदाच उपयोगी पडलं!

मंडळी, तेव्हा दवंडीवाला गल्लीत यायचा. आता दवंडी खिशात थरथरते. अमके राक्षस, तमके राक्षस, दहा जणांना पाठवा! पाठवण्याआधी एवढंच विचारा — त्यांच्याकडं कोणी जेवून आलंय का? आणि हे ऐकत असताना आपल्या गावचा कुठला बांध फुटलाय?

चला, आता गजर करू. टाळ घ्या. पण त्याआधी एकदाच, मोठ्यानं! पलीकडं कोण?

... अरे? गप्प?

काय म्हणालात, खांबाजवळच्या आजी? "आधी कोण ते दाखवा, बुवा, मग ओरडू"?

ऐकलंत ना सगळ्यांनी? माझं आख्यान इथंच पुरं झालं! आज बुक्का आधी आजींना लावा, मग मला. आणि वाजवा टाळ!