नरहरपंतांची काटकसरी घोडी

विळ्याला धार लावायला शीळ गावची सगुणा कल्याणला लोहाराकडे आली, तर अंगणात एक म्हातारी घोडागाडी चाकाला नवी लोखंडी धाव बसायची वाट पाहत उभी. गाडीचे मालक नरहरपंत आणि त्यांचे स्नेही दाजी ओट्यावर बसलेले.

“पंत, दुसऱ्याची वापरलेली गाडी घेतलीत. खर्चात बुडाल.”

“कसला खर्च? आसाला एरंडेल घातलं की कुरकुर बंद.”

“आणि घोडीची दाणावैरण?”

“तीच तर गंमत! ठाण्याहून परतताना दुपारी शीळच्या आंब्याखाली घोडी मोकळी सोडतो. मी घटकाभर डोळा मिटतो, ती चरून येते. घरी हरभऱ्याला तोंडसुद्धा लावत नाही.”

“ऐन वैशाखात? तिथं हिरवी काडी तरी उरलीय का?”

“जातिवंत जनावर आहे, दाजी. थोडक्यात भागवतं.”

“पोट तर नगाऱ्यासारखं झालंय.”

“हवापाणी मानवलं!”

सगुणाला राहवेना.

“अवो पंत, कंचा आंबा? विहिरीजवलचा?”

“तोच. का गं?”

“त्याच्यामागं आमची पेंढ्याची उडवी हाय. अर्धी झाली. जावेनं चोरून तिच्या म्हशीला घातली म्हणून मी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ती रागानं दिवा गावाला माहेरी जाऊन बसलीय.”

दाजी उपरणं तोंडाशी धरून हसू लागले. पंतांनी उगाच पगडी सारखी केली.

“मग आता मी काय करावं म्हणतेस?”

“धाव बसली की गाडी दिव्याला घ्या. तिची समजूत तुमीच काढायची. आनि तिथं घोडी सोडू नका. तिच्या बापाचीबी उडवी हाय.”