नात्याचा रकाना

नाही, नाही, मोज ना पोरी, खुशाल मोज – पट्टीचं हे टोक मी धरतो – पण खाट एकच का, असं विचारू नकोस. दोन होत्या. एमिलनं, माझ्या मुलानं, स्वतः केल्या होत्या, दोन वर्षांच्या पोरांच्या मापाच्या. आपण किरगिझ, जमिनीवर गादी टाकून झोपणारी माणसं, पण तुमच्या दत्तकाच्या कचेरीला खाट हवी. मग कचेरीनं सांगितलं, सहा महिने थांबा. मग आणखी सहा. पोरं तिकडे रशियात वाढत राहिली आणि खाटा इथे तेवढ्याच राहिल्या. शेवटी त्यानं दोन्ही मोडल्या आणि ही एक मोठी केली. बापाला म्हणाला, "अता, ही दहा वर्षं पुरेल दोघांना." हसत म्हणाला. मग गोठ्यात गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही.

लिही. घर उबदार आहे, लिही. विहिरीवर झाकण आहे. कुत्रं? कुत्रं माझ्यासारखंच म्हातारं आहे, भुंकण्याआधी विचार करतं. एमिल आणि सून शहरात गेलेत, डॉक्टरचा दाखला आणायला – दाखला तीन महिन्यांत शिळा होतो म्हणे! हा कितवा, ते मी आता विचारत नाही. सून गुणाची आहे, नुरझात. ऊन पडलं की दोन छोट्या गाद्या कुंपणावर टाकते. परवा शेजारीण म्हणाली, "काय गं, गाद्यांना ऊन कुणासाठी दाखवतेस? पाहुणे यायचेत वाटतं?" ही म्हणाली, "पाहुणे नाहीत हो, घरचेच आहेत. जरा लांब गेलेत." मला कमी ऐकू येतं, पण हे आलं.

हे फोटो. तिकडच्या अनाथाश्रमातून वर्षाला एक पाठवतात. ही कालिपा, हा तोक्तोसुन. जुळी आहेत, आता पाचवं लागेल. बघ, तिन्ही फोटोंत पोरानं बहिणीची बाही धरलेली आहे. आणि ते पत्र – वाचलंस ना तू? तिथल्याच एका जोडप्यानं मुलगी मागितलीये. एकटी मुलगी. महिनाअखेरपर्यंत आपलं प्रकरण पुढे सरकलं नाही तर तिला देणार. त्या बिचाऱ्यांचं काय चुकलं, त्यांनाही मूल हवंय. पण हा काय धरणार मग?

काय म्हणालीस? नावं? रशियात टाकून दिलेल्या पोरांना किरगिझ नावं कशी? अगं, आई आपल्यातलीच होती ना – गेली असेल कामाला, खानावळीत भांडी घासायला, जातात तशी. तिनंच ठेवली असतील. हो, जुनी आहेत. आजकाल कोण ठेवतं कालिपा! माझ्या आईचं नाव कालिपा, म्हणून तर मी –

चहा घे. निवला असेल. दुसरा देऊ?

पेन खाली ठेव, पोरी. ठेवलंस? – हे बघ. नाव ठेवायचं तर बाळाच्या कानात अजान द्यायची, तीनदा नाव घ्यायचं. आता बाळं तिकडे, म्हातारा इथे, मग काय करायचं? फोन कानाला लावायचा. आधी हिच्या, मग त्याच्या. दोघं केवढी रडत होती – माझा आवाज ऐकला आणि गप्प झाली. मुलगा गप्प झाला म्हणून तोक्तोसुन – थांबो, टिको. आणि मग त्याच फोनवर मी त्यांच्या आईला म्हणालो, आता त्यांना तिथेच ठेव आणि एकटी घरी ये. – कोण आई? परक्या पोरीच्या बाळांना फोनवर कोण अजान देतं, सांग बरं!

चोलपोन. माझी धाकटी. लग्न नव्हतं झालेलं. माझी म्हातारी तेव्हा नुकतीच गेलेली, मला थांबवणारं घरात कोणी नव्हतं. आली ती एकटी, मी सांगितलं तशी. वर्षाच्या आत लग्न करून तिकडे तलास शहरात दिली. नवरा भला आहे, पण त्याला हे माहीत नाही. एमिललाही नाही – त्याला वाटतं, तिकडच्या मशिदीतल्या ओळखीच्या माणसानं मला या पोरांचं कळवलं. मागे ती आली होती तर एमिल कौतुकानं खाट दाखवायला लागला. "छान झालीये दादा," म्हणाली. मग बाहेर जाऊन चूल फुंकत बसली. चूल पेटलेलीच होती.

हा रकाना ना – मुलांशी नातं? एमिलनं 'नाही' लिहिलंय. आणि दारात तूच म्हणालीस, रक्ताचं नातं असतं तर पहिला हक्क तुमचा, आठ दिवसांत काम झालं असतं. मग खोड ना! खोड ते 'नाही' – थांब. थांब, खोडू नकोस. आईचं नाव लिहावं लागेल? नवऱ्याचंही? जबाब घ्यायला माणूस तलासला जाईल, तिच्या सासूसमोर बसेल? मग माझंच लिही. लिही, आजोबा, शिक्षण चौथी, ह्यानंच टाकायला लावली. ते नाही चालत? माझी सही घे, अंगठा घे, दोन्ही अंगठे घे. कचेरीला सगळं चालतं, खाटेची लांबी चालते, हे का चालत नाही?

तू काय करशील, पोरी, माझ्या जागी? – नको, सांगू नकोस. तुला काय विचारतोय मी. तिला विचारायला हवं. तेव्हा विचारलं नाही, नुसतं सांगितलं. इतक्या वर्षांत एकदाही नाही विचारलं.

कुठे गेला फोन – हा. दोनचं बटण दाबून धरलं की तिला लागतो. लागला. – तू बाहेर जा, अंगणात उभी राहा जरा. कागद राहू दे इथेच. जा म्हणतो ना! दार ओढून घे, अडतं ते, उचलून ओढ. – हॅलो. चोलपोन? मी, तुझा अता. नाही, नाही, कुणाला काही झालं नाही, सगळे बरे आहेत. – तुझ्याजवळ आत्ता कोणी आहे का गं?